र येईपर्यंत

तुमच्या घरातलं पोर 'घर'ला 'घल' म्हणतं तेव्हा तुम्ही हसता, त्याला परत म्हणायला लावता, शेजाऱ्यांना बोलावून ऐकवता. मला एवढंच सांगा: हे हसणं कोणत्या वर्षी थांबतं, आणि कोणत्या दिवशी तुम्ही त्याच्या तोंडात बोट घालून जीभ वर उचलून बघता?

माझ्या बाबतीत तो दिवस मी सात वर्षांची असताना आला. बोट आईचं होतं आणि त्याला मिठाची चव होती. ती मला उजेडात दारापाशी घेऊन गेली, जीभ उचलली, खाली बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हाय. शीर हाय."

जिभेखाली शीर सगळ्यांनाच असते. मी नंतर आरशात माझी बघितली, शेजारच्या मुलीची बघितली, आई झोपलेली असताना तिचीही बघायचा प्रयत्न केला आणि पाठीत धपाटा खाल्ला. पण आई फक्त माझ्याच तोंडात बघत होती, आणि जो माणूस एकाच तोंडात बघतो त्याला हवं ते सापडतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, ओळ लावायची, छापून झालं की अक्षरं मोडून परत आपापल्या खणात टाकायची. वाया गेलेले कागद ते घरी आणायचे. त्यातले काही चुलीत जायचे, काही पुड्या बांधायला, आणि उरलेले मी वाचायचे. अंकलिपीच्या आधी माझ्या हातात पत्रकं आली. कुळांच्या हक्कांची पत्रकं, दारूबंदीची, मुलींच्या शाळेची, आणि मधूनच कुस्तीच्या मैदानाची जाहिरात.

एकदा आबा हसत हसत आईला सांगत होते की सकाळी त्यांनी एका बाबांच्या दर्शनाची जाहिरात जुळवली आणि दुपारी त्याच बाबांच्या विरोधातलं पत्रक. खिळे तेच. सकाळी 'कृपा' शब्दातला प उचलला तोच दुपारी 'पाखंड' शब्दात बसवला. आबांना त्यात गंमत वाटली. माझी मात्र तेव्हापासून छापलेल्या शब्दावर आणि बोललेल्या शब्दावर एक डोळा बारीक करून बघायची सवय झाली. ती अजून गेलेली नाही आणि जावी असंही मला वाटत नाही.

पत्रकं मी उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचायचे. आता पत्रकाची भाषा बघा. शेतकरी, कामगार, सरकार, करार, विरोध, अधिकार. र शिवाय पत्रकाचं पान हलत नाही. आणि मी वाचायचे, "शेतकली बांधवांनो, सलकालला जाब विचाला!"

गल्लीतून जाणारी माणसं थांबायची. "व्हय की गं, विचालतो, आत्ताच विचालतो!" म्हणायची आणि पुढे जायची. माझं नाव सलकाल पडलं. "ए सलकाल, कुठं निगालीस?" "सलकाल आली रं, सरका!" मला राग यायचा, पण रागात तर तो र आणखीच लांब जायचा.

घोटाळा केला तो शाळेतल्या बाईंनी. बाई पुण्याकडच्या होत्या, शिकवायच्या मन लावून, आणि आमच्या बोलण्याने त्यांच्या कानाला खरोखर इजा होत असावी. आमच्या घरात 'पानी' म्हणायचे, 'लोनी' म्हणायचे, 'कोन हाय' म्हणायचे. बाई फळ्यावर ण काढून आम्हाला एका सुरात म्हणायला लावायच्या. मला ण चांगला यायचा. शाळेत मी 'पाणी' म्हणायचे आणि घरी 'पानी', कारण घरी 'पाणी' म्हटलं की आई म्हणायची, "आली बामनाची बाय." ही अदलाबदल मी मनात आणलं तर करू शकत होते. र मात्र मनात आणून येत नव्हता. जीभ टाळूपर्यंत जायची, तिथे जे थरथरायला हवं ते व्हायचं नाही, आणि ल बाहेर पडायचा. दोन्ही गोष्टी माझ्याच तोंडातल्या, पण एक माझ्या हुकमातली आणि दुसरी नाही. सात वर्षांच्या मला हा फरक पक्का माहीत होता. मोठ्यांपैकी कुणालाच तो दिसत नव्हता.

एके दिवशी घाईत माझ्या तोंडून शाळेत 'पानी' गेलं. पाठोपाठ र टाळून 'फळा पुसते' म्हणायचं होतं, तिथे 'बाई, मी फळा स्वच्छ कलते' असंही गेलं. बाईंनी दोन्ही एकाच पारड्यात टाकलं. शाळा सुटल्यावर आईला दारात गाठून त्या म्हणाल्या, "हिची जीभ जड आहे हो. ण नाही, र नाही. कुणाला तरी दाखवा, नाहीतर पुढे जड जाईल."

आई पदर सावरत 'व्हय, व्हय' म्हणाली आणि घरी येऊन आबांना सांगितलं. आबांनी फक्त पहिला अर्धा भाग ऐकला.

"ण? आमच्या बोलीला रोग म्हनत्यात व्हय? आमचा बा पानी पिऊनच जगला. पाणी पिला असता तर काय शंभर वर्सं जगला असता?"

"अवो, नुसतं पान्याचं न्हाय..."

"एक शब्द बोलू नगंस. ही आपली बोली हाय. पोरीत काय बी खोट न्हाय."

म्हणजे असं झालं: बाईंना माझी बोली हा जिभेचा रोग वाटला, आणि आबांना माझी न वळणारी जीभ ही बोली वाटली. दोघांचीही माझ्याबद्दल खात्री होती. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? 'दोन्ही वेगळं हाय' एवढंच मला सांगता आलं असतं.

आईने मात्र ठरवलं होतं. गंगावेशीच्या अलीकडे एक माणूस बसायचा. तो कान टोचायचा, दुखरे दात काढायचा आणि जड जीभ सोडवायचा. आबा कामावर गेल्यावर आई मला तिथे घेऊन गेली. 'कान टोचायचेत' म्हणाली. माझे कान बारशालाच टोचले होते, त्यामुळे मी वाटेतच सावध झाले.

माणसाच्या पुढ्यात एक कापड, कापडावर सुया, एक चिमटा आणि पुढून वाकडं केलेलं बारीक पातं. त्याने माझी हनुवटी धरली. "जीभ काढ." मी काढली. "घर म्हन." मी म्हटलं. "बगा मावशी, चिकाटलीया. पोरीला घट्ट धरा, आत्ता सोडवून देतो."

मला तेव्हा एक गोष्ट सुचली होती आणि ती मी सांगायचा प्रयत्न केला. "मग केळं कसं येतं? काळं कसं येतं?" ळ म्हणताना जीभ किती मागे वळते ते तुम्हीही करून बघा. बांधलेली जीभ तेवढी वळेल का? पण पोराच्या तोंडातला पुरावा कोण ऐकतो. आईने खांदे धरले. मी तिच्या मनगटाला चावले आणि पळाले. छापखाना दोनच गल्ल्या पलीकडे होता.

आबा शाईच्या हातांनी तसेच निघाले. मागे मी, समोरून आई, आणि मध्ये तो माणूस उभा.

"कोन म्हनतंय माझ्या पोरीला रोग हाय म्हनून?" आबा लांबूनच ओरडले. "आमच्यात पानीच म्हनत्यात!"

"पावनं, पान्याचं कोन म्हनतंय? मी घराचं म्हनतोय!"

"घराचं? घराचं नाव काडायचं न्हाय! माझ्या घरापत्तूर पोचलास?"

"अवो, तुमच्या घराचं न्हाय, तिच्या घराचं..."

"तिचं घर कुठलं वेगळं? लगीन लावून दिलंस काय तिचं?"

गर्दी जमली, लोक हसून हसून बेजार झाले, आणि आबा मला उचलून घेऊन गेले. माझी जीभ वाचली. पण ती चुकीच्या कारणाने वाचली हे मला तेव्हाही कळत होतं, आणि चुकीच्या कारणाने वाचलेली गोष्ट कायमची वाचलेली नसते.

र आला तो मी नऊ-साडेनऊ वर्षांची असताना, वाजतगाजत नाही. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "दार लाव." मी म्हटलं, "लावलंय की दार." तिचा हात परातीतच थांबला. "काय म्हनालीस? परत म्हन." मी म्हटलं, "दाल." परत म्हटलं, "दार." मग पुन्हा दाल. असे कितीतरी महिने गेले. सकाळी असायचा, दमलं की नसायचा. पत्रक हळू वाचलं तर यायचा, भांडताना पळून जायचा.

आणि मग त्या र वर हक्क सांगणारे पुढे आले. आई म्हणाली, वाडीच्या दत्ताला नवस बोलले होते, तिथली नदीची माती जिभेला लावली होती. बाई म्हणाल्या, रोज घोकून घेतलं म्हणून. आबा म्हणाले, "मी सांगत न्हवतो? काय झालंच न्हवतं." मी तिघांकडेही संशयाने बघितलं. नवसाने आला तर सकाळी येऊन संध्याकाळी का जात होता? घोकून आला तर बाई समोर असतानाच का अडत होता? आणि काहीच झालं नव्हतं तर मी दोन वर्षं सलकाल म्हणून का वाढले?

त्यानंतर मी बाकीच्यांचं बोलणं कान देऊन ऐकायला लागले. मला खात्री होती की हे सगळे लबाडी करतात, माझ्यासारखंच अडतात आणि लपवतात. आणि ते खरंच निघालं. वर्गात पहिली येणारी मुलगी भरभर बोलताना निम्मे शब्द गिळायची. वरच्या वर्गातले आवाज फुटलेले मुलगे एका शब्दात दोन आवाज काढायचे, 'हजर' म्हणताना सुरुवात बापाच्या आवाजात आणि शेवट आईच्या. लांब वाक्य आलं की सगळ्यांचीच गाडी कुठेतरी घसरायची. मी स्वतः भिंतीसमोर उभी राहून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणून बघायचे. ती दर वेळी वेगळी यायची. नुसती म्हटली तर बरी. तीच ओळ मनात बेरीज करत म्हटली तर र चा पाय घसरायचा. आबा म्हणायचे की छापखान्यात नवा माणूस आला की त्याचा हात न बघता योग्य खणात जायला काही वर्षं जातात. हळू काम दिलं तर बिनचूक करतो, घाई केली की र च्या जागी स. तोंडही असंच कामाला लागलेलं असतं, असं मला वाटायला लागलं. आपण समजतो पोर बोलायला लागलं म्हणजे बोलणं झालं. ते झालेलं नसतं. दहाव्या वर्षी झालेलं नसतं, तेराव्या वर्षीही नसतं. चेहरा वाढतो, जबडा वाढतो, आवाज बदलतो, आणि जीभ बिचारी रोज बदललेल्या घरात आपली वाट शोधत असते.

चौदाव्या वर्षी मी हायस्कुलात वक्तृत्व स्पर्धेत उतरले. विषय माझ्या आवडीचा होता, मुलींना शिकवावं की नाही. भाषण मी स्वतः लिहिलं होतं, पत्रकी थाटात. घरी म्हटलं तेव्हा एक अक्षर हललं नाही. त्या दिवशी आई मागच्या बाकावर बसली होती. मध्यावर मला एक नवा मुद्दा सुचला, लिहिलेला नव्हता, तो घुसडायला गेले, वेळ संपत आल्याची घंटा वाजली, आणि "विरोध करणाऱ्यांना" म्हणायच्या जागी तोंडातून "विलोध कलणाल्यांना" गेलं.

मागून एकजण ओरडला, "सलकाल चिडलं रं!" सगळं सभागृह हसलं. मी भाषण संपवलं, पण आईकडे बघितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तोच दारापाशी जीभ उचलतानाचा भाव होता.

घरी येऊन ती म्हणाली, "शीर परत आवळलीया."

त्याच महिन्यात चंदगडकडचं एक स्थळ येणार होतं. पाहुणे चार प्रश्न विचारणार, पोरगी घाबरून चार ल बोलणार. आईचं भय मला समजत होतं. तिच्या लेखी माझ्या जिभेवर माझं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं. मला जे समजलं नाही ते आबांचं. मी त्यांच्याकडे गेले, त्यांनी ओरडावं म्हणून. ते खाली बघून म्हणाले, "तुजी आई म्हनतीया तर दाखवून ये की एकदा." पत्रकं जुळवणारा माणूस. सात वर्षांपूर्वी बोलीसाठी भर बाजारात भांडलेला. स्थळ दारात आलं तेव्हा बोली, तत्त्व सगळं खणात गेलं. मला तेव्हा कळलं की ज्याने तुम्हाला एकदा वाचवलं त्याच्यावरही नजर ठेवावी लागते.

त्या माणसाने आता माडीवर खोली घेतली होती. जिन्यात जाहिरात चिकटवली होती, 'जड जीभ, बोबडेपणा, खात्रीने इलाज', आणि त्या अक्षरांची ठेवण मी झोपेतही ओळखली असती. ती आमच्याच छापखान्यातली होती.

बाहेर बाकावर एक बाई आणि तिची पाच-सहा वर्षांची मुलगी बसली होती. मुलीने दोन्ही हातांनी तोंड धरलं होतं. आईने सहज बोलणं काढलं. "पयल्यांदाच आलासा?"

"न्हाय वो," ती बाई म्हणाली. "गेल्या साली सोडवली की हिची. पर अजून तसंच बोलतीया. आता म्हनत्यात, थोडा धागा ऱ्हायलाय."

मी मुलीसमोर बसले. "तुझं घर कुठं हाय गं?"

तिने एक हात थोडा बाजूला केला. "घल लांब हाय," ती म्हणाली, आणि हात परत लावला.

आईने तिच्याकडे बघितलं. मग त्या बाईला विचारलं, "लई दुखलं काय हिला?"

"दुखलं न्हाय तर काय? कितीक दिस नुसत्या पेजंवर हुती. रगत थांबता थांबंना."

आई उठली. माझं मनगट धरलं. आतून तो माणूस म्हणाला, "मावशी, तुमचा नंबर आलाय की." आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." आम्ही जिना उतरायला लागलो आणि वर दार उघडल्याचा आवाज झाला. ती बाई मुलीला घेऊन आत चालली होती.

आई पायरीवर थांबली. मग ती परत वर धावली; तिला असं धावताना मी पहिल्यांदाच बघत होते. "अवो बाई! थांबा जरा! ही माझी पोरगी. हिची जीभ कुनीच कापल्याली न्हाय. बगा कशी बोलतीया." आणि मला, "बोल की गं भवाने! घर म्हन!"

तो माणूस दारात, मुलगी माझ्याकडे टक लावून, आईची नखं माझ्या दंडात. मी तोंड उघडलं.

"घल," मी म्हणाले.

मेले, वाटलं. मी पुन्हा म्हणायला गेले, "घर! घर!" पण पहिला शब्द सगळ्यांनी ऐकला होता. तो माणूस हसला. "बगा! हिचीबी तीच गत हाय. म्हनून तर आनली."

त्या बाईने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आमच्या दोघींचाही काही डाव असावा अशा नजरेने. मग आपल्या मुलीकडे बघितलं.

"हिची न कापता अशी," ती हळूच म्हणाली. "आमचीची कापून बी अशीच. आनि ही तर एक डाव चुकून दोन डाव नीट म्हनाली. मग कापायची कशापायी?"

तिने मुलीला कडेवर घेतलं आणि आमच्या पुढून जिना उतरून गेली. मुलीने तोंडावरचा हात काढला होता. मागून तो माणूस अजून काहीतरी सांगत होता, पण ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

चंदगडचं स्थळ आलं, मी एकदा अडले, पाहुण्यांनी नाही म्हटलं, आणि आईने मला पुढे शिकू दिलं. माझं बोलणं सतरावं सरता सरता स्थिर झालं. कोणत्या दिवशी ते मला सांगता येणार नाही. आता मी सभेत बोलते. अजूनही फार संतापले की जीभ अडखळते, पण तेव्हा मी थांबते आणि पुन्हा म्हणते. ज्यांची जीभ खरोखर चिकटलेली असते अशी मुलं असतात, हे मला माहीत आहे. ती तान्हेपणी दूधही नीट ओढत नाहीत. त्यांच्यासाठी दवाखाना आहे आणि शिकलेला डॉक्टर आहे. मी बाकीच्यांबद्दल बोलते आहे, ज्यांचं तोंड फक्त अजून वाढतं आहे.

तुमच्या पेठेतही असा एखादा बाक असेल. या आठवड्यात तिथे जाऊन बसा. जो माणूस जीभ सोडवतो म्हणतो त्याला सगळ्या आयांच्या देखत सांगा, की सोडवलेल्यांपैकी एक तरी पोर इथे आणून बोलायला लावून दाखव. त्याने दाखवेपर्यंत तिथून उठू नका, आणि कुठल्याही आईला आत जाऊ देऊ नका.